खिदळत पळणारी पोर

जुन्या स्वीडिश कविता आणि गाणी नव्या चालींत बांधून गायिका यॉर्डिसचा अल्बम पुरा होत आला होता. त्यातलं तिचं सगळ्यात लाडकं गाणं स्वीडनमध्ये शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. रानात गुरं राखणारी पोर खिदळत पळते, कवी तिच्या मागे धावतो आणि शेवटी ती सापडते. तिथल्या वेर्मलांड प्रांतातल्या एका गावात यॉर्डिसने ते गायलं, तेव्हा नव्वदीची आल्फहिल्ड काठी टेकत तिच्यापाशी आली.

"खिदळत नव्हती गं ती," म्हातारी म्हणाली. "माझी आई होती ती. चौदा वर्षांची. जीव मुठीत घेऊन पळत होती. मरेपर्यंत, हे गाणं लागलं की उठून बाहेर जायची."



दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिने अल्बमच्या निर्मात्याला, स्टेलानला, सगळं सांगितलं. त्याचे डोळे पाणावल्यासारखे वाटले.

"म्हातारीचा आवाज कसा आहे गं?" त्याने विचारलं. "गाण्याच्या आधी तिच्याच तोंडून हे घेऊ या. लोक ढसाढसा रडतील बघ."

"ते गाणंच काढून टाक," एवढं कसंबसं बोलून यॉर्डिस बाहेर गेली आणि भिंतीला धरून ओकली.

काल म्हातारी बोलत होती, तेव्हा नेमकं हेच यॉर्डिसच्याही मनात येऊन गेलं होतं.