बेबीताईचा भोंगा

चंदन मेकॅनिकने दोन्ही भोंगे टेबलावर उघडे करून ठेवले होते. एक बेबीताईच्या भाजीच्या गाडीवरचा, बंद पडलेला. दुसरा त्याच कंपनीचा, अकोल्याचा जुना बाजार तीन रविवार पालथा घातल्यावर सापडलेला. कंपनी कधीच बुडाली. तिचा माल आता मिळाला तर भंगारातच. त्या जुन्यातला पार्ट काढून ह्यात बसवायचा होता.

बेबीताई गळ्याभोवती पदर गुंडाळून स्टुलावर बसली होती. दीड वर्षापूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली अन् आवाजही गेला, कायमचा. राहिला तो भोंग्यात, आधी कधीतरी भरलेला. त्या हाकेवर बाया अजून पिशव्या घेऊन बाहेर येत. नवरा सहदेव गाडी ढकले, ती स्वतःलाच ऐकत मागून चाले. मोबाइलात भरून ठेवू, असं सहदेव रोज म्हणे. राहूनच गेलं मेलं!

बायकोसमोर तिच्या गेलेल्या आवाजाचा विषय काढायची सहदेवची छातीच होत नसे. "फक्त चालू करून दे, बापू," एवढंच तो चंदनला म्हणाला अन् नवे सेल आणायला गेला.

शेवटचा टाका बसला. चंदनने आपले सेल टाकून बटण दाबलं.

"भेंडी घ्याऽ, वांगे घ्याऽ, हिरवा सांभार ताजा ताजाऽऽ!"

बेबीताईचे डोळे भरून आले. आली गं बाई, परत आली!

चंदनने मात्र नाक मुरडलं. "लय खरखर करून राहिलं, मावशी. थांबा."

त्याचं बोट लाल बटणाकडे गेलं. ते दाबून बोललं की जुनं पुसतं, हे बेबीताईला पक्कं ठाऊक होतं. ती ताडकन उठली. तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. मध्ये टेबल होतं. तिने त्यावर थाप मारली, पुन्हा मारली.

"होऊनच राहिलं न मावशी, एवढी कायची घाई?" चंदन हसला अन् बटण दाबून बोलला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री."

भोंग्याने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. खणखणीत. खरखर नावाला नाही.

चंदन खूश झाला. एवढ्याशा कामाचे तो वेगळे पैसे घेणार नव्हता. त्याने शर्टाच्या बाहीने माइक पुसला अन् तिच्या तोंडासमोर धरला.

"हं, आता तुमी बोला, मावशी. मोठ्यानं बोला. लाजता कावून?"