स्वच्छ प्लेटवरची धूळ

बेसबॉलचा चेंडू बॅटला निसटता लागला आणि डाएट्झच्या उघड्या उजव्या हातावर आदळला. मधलं बोट मोडल्याचा आवाज मागे उभ्या अंपायर हृस्काने ऐकला. आणखी कुणी नाही.

फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचर डाएट्झने हात मांडीमागे दडवला. शेवटचा डाव, शेवटचा फलंदाज. आणखी एक चेंडू फलंदाजाला हुकला आणि डाएट्झने अडवला की सामना संपणार होता; डाएट्झच्या हातून सुटला, तर फलंदाजाला पळता येणार होतं. वरच्या लीगचा माणूस आज चेंडू टाकणाऱ्या पिचर टटलला पाहायला वॉटरलूत आला होता, पुन्हा येणार नव्हता. टटलची सगळी भिस्त ऐनवेळी खाली पडणाऱ्या चेंडूवर, आणि तो अडवणारा संघात एकटा डाएट्झ.

हृस्का पुढे आला, वाकला आणि खिशातला ब्रश काढून फलंदाजासमोरची, जमिनीत बसवलेली पांढरी प्लेट झाडू लागला; तेवढा वेळ खेळ थांबे. प्लेट स्वच्छ होती.

चौथ्या डावात चेंडू हृस्काच्या गळ्याखाली बसला होता. तेव्हा डाएट्झ उगाच चालत टटलपाशी गेला आणि त्याची बायको मक्याची कणसं कशी उकडते ते विचारत राहिला, हृस्काला श्वास येईपर्यंत.

"काय हो हृस्का, सासूबाई येणार आहेत का?" मॅनेजर बाकावरून ओरडला.

हृस्काने कोपरा झाडला. "करंगळी डुल्युथला मोडलीस, तेव्हाही मीच होतो," तो खाली बघूनच म्हणाला.

"अंगठा आणि अनामिका टोपेकाला, पहिलं बोट पिओरियात," डाएट्झ दातावर दात धरून म्हणाला. "चौदा वर्षांत मधलंच तेवढं कोरं राहिलं होतं."

"जमेल?"

"अजून एक कोपरा राहिलाय बघ."

हृस्काने तोही झाडला.

डाएट्झ बसला. खाली पडणारा चेंडू मागायची टटलला करायची खूण दोन बोटांची, पहिलं आणि मधलं. मधलं उचलेना, म्हणून त्याने पहिलं आणि करंगळी दाखवली. टटल क्षणभर बघत राहिला. मग त्याने मान डोलावली.

फलंदाजाची बॅट हवेत फिरली. चेंडू मातीत आपटून उसळला. डाएट्झने त्याच्यापुढे छाती घातली, समोर पडलेला चेंडू ग्लोव्हमध्ये घेतला आणि पळू लागलेल्या फलंदाजाला टेकवला.

"बाद!"

सगळे टटलकडे धावले. त्याला खांद्यावर घेतलं. वरच्या लीगचा माणूस जिना उतरून त्याच्याकडेच निघाला होता.

डाएट्झने ग्लोव्ह काढून काखेत धरला. हृस्काने मुखवटा वर केला आणि आपणहून डावा हात पुढे केला.