फेतूचे हात

ऐका ना, गेल्या वर्षी आमच्या सामोआत चर्चच्या अंगणात मुलांच्या सणाला आठ वर्षांची फेतू नाचायला उभी राहिली आणि तिचे हात भलतीकडे उडायला लागले. सोंग करतेय असं वाटून सगळे पोट धरून हसले, तिची आई लोसासुद्धा! डॉक्टर म्हणाले, "हा संधिवाताचा ताप. हात त्यानंच उडतात, हृदयालाही धरतो." मग ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन, तेही कुल्ल्यावर! रडणाऱ्या लेकीचा हात लोसानं एकदाही सोडला नाही. यंदा फेतू परत उभी! हात कसे संथ, मऊ! लोसा श्वास रोखून बघत होती. इतक्यात फेतूचा हात फाडकन उडाला. लोसा धावत मध्ये शिरली. "काय गं आई, डास होता!" फेतू ओरडली. लोसाची नणंद खिदळली, "वहिनी, आता उतरलीच आहेस तर नाच!" मग काय, लेकीशेजारी लोसाही नाचत सुटली.