पोर्टमधला तांदूळ

दुरुस्तीवाल्याने जुन्या लॅपटॉपचा मोडका यूएसबी पोर्ट उघडला आणि चिमट्याने काहीतरी काढून वृंदाच्या तळहातावर ठेवलं. कुंकवाने लाल झालेला तांदूळ!

"हा आत असताना तुम्ही पेनड्राइव्ह दामटलात."

यंदा दसऱ्याला ती माहेरी होती, लॅपटॉप सासरी. सासरे सुतार; करवत, रंधा मांडून हत्यारांची पूजा तेच करायचे. तिच्या घरबसल्या नोकरीला मात्र नाक मुरडायचे, "डबड्यासमोर बसणं हे काय काम झालं?"

आणि तेच डबडं त्यांनी हत्यारांच्या ओळीत मांडलं होतं.

नवा पोर्ट बसवून ती घरी आली. रंध्यावरून नजर न उचलता सासऱ्यांनी विचारलं, "झालं नीट डबडं?"

"झालं, अण्णा. पण पुढच्या दसऱ्याला त्यावर अक्षता नका टाकू."

रंधा थांबला. "बरं," ते लाकडाकडेच बघत म्हणाले, "त्याला नुसतं फूल वाहीन."