भरल्या पोटी

गोजरबाईनं कबरीला बियाण्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मांजरीनं आतून दारावर नख्या ओढल्या. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याला उंदीर लागले होते, पोती कुरतडली होती आणि पेरणी तोंडावर आली होती.

“उंदीर धरंपर्यंत हिला काई घालायचं न्हाई,” गोजरबाईनं सुनेला बजावलं. “भरल्या पोटी मांजर जागचं हलत न्हाई. उपाशी ठेवलं की बराबर धरतंय.”

गावात सगळे असंच करायचे. तृप्तीनं मान हलवली आणि डाळ निवडायला सूप घेऊन ती ओसरीवर बसली. लग्नाआधी ती जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत होती. ओल्या कागदावर दाणे रांगेनं मांडायचे आणि किती उगवतात ते बघायचं, हे तिचं काम. काम सुटलं, पण हाताची खोड सुटली नव्हती. डाळ निवडता निवडता सुपात दाण्यांच्या सरळ रांगा लागायच्या आणि तिच्या ते ध्यानातही यायचं नाही. सासूच्या ध्यानात यायचं. रांगा दिसल्या की गोजरबाई येता-जाता सूप झटकून टाकायची.

परवा कंपनीतल्या मॅडमचा फोन आला होता. जागा रिकामी झालीय, सोमवारपासून ये. काय ते रविवारी संध्याकाळपर्यंत सांग. तृप्तीचा नवरा सोमेश्वर त्याच एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होता. रोज गाडीवर जायचा-यायचा. डब्याची पिशवी तो मागच्या सीटवर रबरानं बांधायचा. म्हणजे डबा रोज जालन्याला जाऊन यायचा आणि डबा करणारी घरात. तृप्तीला त्या पिशवीचा हेवा वाटायचा. पिशवीचा काय हेवा करायचा, म्हणून मग लाजही वाटायची.

तिनं सासूला विचारून पाहिलं होतं. गोजरबाईनं आवाजसुद्धा चढवला नव्हता.

“तुला हितं काय कमी पडून राह्यलं? पोटभर खायला हाय, नेसायला हाय, कोनी वाकडं बोलत न्हाई. भरल्या घरची बाई दुसऱ्याच्या दारात कशाला जाती?”

छळ असता तर चार लोकांत सांगता तरी आला असता. इथं सगळं चांगलंच होतं, आणि त्या चांगल्यातच तृप्तीचा जीव गुदमरत होता. सोमेश्वर म्हणाला, “आई म्हणती ते बी खरंच हाय,” आणि गाडी पुसायला निघून गेला.

खोलीतून कबरीचं ओरडणं दुपारभर चालू होतं. आधी त्यात राग होता, मग नुसती विनवणी उरली. गोजरबाईचा डोळा लागल्यावर तृप्तीनं वाटीभर दूध खिडकीच्या गजांतून आत सरकवलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं पाजणारीनंही डोळे मिटूनच घेतले होते. दिवेलागणीला तिनं पुन्हा पाजलं, सकाळी चहाच्या आधी पुन्हा. सकाळी कबरी पोत्यावर तंगड्या पसरून पडली होती. पोट तट्ट फुगलेलं. ही आता कसली उंदीर धरते? आणि उंदीर धरले नाहीत तर दार कसलं उघडतंय? आपणच हिची सुटका लांबवली, असं वाटून तृप्तीला रडू आलं.

तो दिवस रविवार, बाजाराचा. गोजरबाई मिरच्यांची पाटी भरत होती. तिचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. मिरचीच्या बाजारातच ती लहानाची मोठी झाली होती. मिरचीच्या पैशावाचून घरात काही अडत नव्हतं, तरी एक बाजार तिनं कधी चुकवला नाही.

“उन्हात कशाला जाती आई?” सोमेश्वर म्हणाला. “घरी काय कमी हाय? व्यापाऱ्याला घालून टाकू सगळी मिरची.”

“घाल मंग. माझ्यावानी भाव कोन करतंय, ते बी त्यालाच इचार.”

निघण्याआधी तिनं खोलीची कडी काढली. तृप्ती मागं उभी होती. दाराशीच उंदीर पडले होते. तीन, ओळीनं ठेवल्यासारखे. कबरी पोत्यावर बसून पंजा चाटत होती.

“बघ,” गोजरबाई खूश झाली. “उपाशी ठेवली म्हणून.”

गप्प बसणं सोपं होतं. तृप्ती आजवर गप्पच बसत आली होती.

“उपाशी नव्हती, आत्याबाई. मी कालपासून दूध पाजून राह्यले तिला.”

गोजरबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग खिडकीतल्या वाटीकडं पाहिलं. मग ती वाकली. एकाही उंदराला तोंड लावलेलं नव्हतं.

“मंग मारले कशाला?”

“तिला येतं म्हणून.”

गोजरबाई तशीच वाकून राहिली. आता दुधाचा हिशेब निघणार, असं तृप्तीला वाटलं. पण सासू मांजरीकडंच बघत होती. दार सताड उघडं होतं, तरी कबरी बाहेर यायला तयार नव्हती. तिचे कान पोत्यांच्या मागं लागले होते. तिथं अजून काहीतरी खुडबुडत होतं.

गोजरबाई ओसरीवर आली. सूप तिथंच होतं, आत डाळीच्या रांगा लागलेल्या. तिनं त्या पाहिल्या आणि सूप न झटकता बाजूला सरकवून ठेवलं. मिरच्यांची पाटी उचलून ती अंगणात गेली. तिला बाजारात सोडायला सोमेश्वर गाडी काढत होता. मागच्या सीटवर डब्याचं रबर लोंबत होतं. गोजरबाईनं ते सोडवलं आणि त्याच्या हातात दिलं.

“उद्यापासून डबा पुढं अडकवत जा,” ती म्हणाली. “मागं तृप्ती बसंल.”