शुक्रवारचा प्रेक्षक

"बस गं. खुर्चीवरचे अंक सरळ खाली ठेव, त्यांना राग येत नाही," समीक्षक म्हणाले.

उपसंपादिका बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. आत दोन कागद होते. एक संपादकांचं पत्र: 'शुक्रवारचा प्रेक्षक' हे सदर या आठवड्यापासून आपल्याकडून काढून घेत आहोत. दुसरा तिचा स्वतःचा लेख. यापुढे ते सदर तीच लिहिणार होती. पत्र टपालानेही गेलं असतं, पण "इतक्या वर्षांचा माणूस आहे, समोर जाऊन दे" असं म्हणून संपादकांनी ती धोंड तिच्याच गळ्यात बांधली होती.

सदराला चाळीस वर्षं झाली होती. ते सुरू झालं तेव्हाचं कचेरीत आता कोणी उरलं नव्हतं, आणि लेखकाचं नाव त्याखाली कधीच छापलं जात नसे. कचेरीत समीक्षकांना सगळे 'खडीसाखर' म्हणत. त्यांना न आवडलेला सिनेमा अजून निघायचा होता. भुताच्या सिनेमावर त्यांनी लिहिलं होतं, 'भुताची भीती वाटत नाही, पण कीव येते. हे जास्त अवघड काम आहे.' खुनाच्या सिनेमावर, 'खुनी कोण ते दहा मिनिटांत कळतं, त्यामुळे पुढचा अभिनय निवांत पाहता येतो.' अंतराळातल्या सिनेमावर, 'यान पुठ्ठ्याचं आहे. आत बसलेल्यांना येणारी घराची आठवण मात्र खरी आहे.' हाणामारीचा असो, विनोदी असो की रडका, खडीसाखर विरघळायचीच.

समीक्षकांनी पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं.

"बरं झालं. गुडघे कुरकुरतात हल्ली, थिएटरचे जिने झेपत नाहीत. नवीन कोण?"

"मी," ती म्हणाली. तिचे कान तापले.

"वा! ऐकलंस का गं?" त्यांनी आतल्या खोलीकडे हाक दिली. "सदर हिच्याकडे चाललंय!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. "मग चहा जरा बरा करते," काकू आतूनच म्हणाल्या.

ती भांडणाच्या तयारीने आली होती. भांडणच नाही म्हटल्यावर तिने मनात होतं ते विचारून टाकलं.

"काका, रागावणार नसाल तर विचारू? तुम्हाला खरंच एकही सिनेमा वाईट वाटला नाही?"

"वाटले की. ढिगाने."

"मग तसं लिहिलं का नाही?"

समीक्षक खुर्चीत पुढे सरकले.

"एका पोराचा पहिला सिनेमा होता. दीपगृहाची राखण करणाऱ्या माणसाची गोष्ट. चार वर्षं खपला होता पोरगा. सिनेमा फसला, यात वाद नाही. नायक तोंड उघडायचा आणि बघणाऱ्याला घड्याळ आठवायचं. त्यावर आपल्या सदरात अकरा ओळी छापून आल्या." शेवटची ओळ त्यांनी डोळे मिटून म्हणून दाखवली. "'या सिनेमात उजेडाची जागा एकच आहे, बाहेर जायच्या दारावरचा दिवा.'"

ती खुदकन हसली आणि लगेच ओशाळली.

"हसलीस ते ठीकच. सगळे हसले. शनिवारी गावभर तेच वाक्य. रविवारच्या खेळाला सात माणसं, त्यातली दोन उकाड्याला कंटाळून आत शिरलेली. सोमवारी पोस्टर उतरलं."

"आणि तो मुलगा?"

"त्याने पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही."

तिला एकदम उलगडा झाला. सगळी कचेरी ज्याला गोड बोलण्याची खोड समजत होती, ती खोड नव्हतीच. हा माणूस इतकी वर्षं प्रायश्चित्त घेत होता. स्वतःचं वाक्य असं शब्दन्‌शब्द उरावर घेऊन जगायचं म्हणजे काय!

"काका, त्या वयात कळत नाही हो," ती हळूच म्हणाली. "मुद्दाम थोडंच कोणी करतं?"

"मुद्दाम नव्हतंच. लिहिलेलं सगळं खरं होतं. तीच तर पंचाईत."

तिने पर्समधून आपला लेख काढला. तोही एका मुलीच्या पहिल्याच सिनेमावर होता. 'दोन तासांत दिग्दर्शिकेला माफ करता आलं, तिकीट देणाऱ्याला नाही' हे वाक्य जमायला तिला तीन दिवस लागले होते. कचेरीत ते मोठ्याने वाचलं गेलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. आता तेच वाक्य तिला बघवेना.

"मी हे नाही देणार," ती म्हणाली आणि तिने कागद दोन्ही हातांत धरला.

"अगं, अगं! फाडतेस काय? आण इकडे."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातूनच ओरडल्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले, चष्मा चढवला आणि उभ्याउभ्याच लेख वाचायला घेतला. एके ठिकाणी त्यांचे खांदे हसण्याने हलले. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं. समीक्षक बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. उपसंपादिका परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी अवघडून बसली होती.

वाचून झाल्यावर काकूंनी कागद तिच्या हातात परत दिला.

"झकास लिहितेस गं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या सिनेमावर त्या अकरा ओळी मी लिहिल्या, तेव्हा तुझ्याच वयाची होते."