वरून खाली

“तू पुन्हा विचारलंस, ताई,” नात म्हणाली. “विचारायचं नाहीये. सांगायचंय.”

वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. आत दाखल असलेल्या आजींची ही नात नऊ वर्षांची, पाय अजून जमिनीला न टेकणारी. ताई रुग्णालयात पेशंटकडून व्यायाम करून घ्यायची. तिच्या मांडीवर वही होती आणि वहीत चार रेघा: एक सपाट, एक चढती, एक खाली जाऊन वर येणारी, एक उतरती. चिनी भाषेतला शब्द यांतल्या कुठल्या तरी रेघेवरून चालतो, आणि रेघ चुकली की शब्द गेला, असं नातीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

“मान्-मान्,” ताई म्हणाली. म्हणजे हळूहळू.

“बघ, गेला आवाज वर!” नातीने हात डोक्यापर्यंत नेला आणि मांडीवर आपटला. “असा. दोन्ही वेळा.”

“अगं, हळू म्हणायचं, तेही इतकं आपटून?”

“मग? आजीच्या वर्गात असतीस ना, तर मधली सुट्टीच मिळाली नसती तुला. चौतीस वर्षं पहिलीला शिकवलंय तिने.”

ताई हसली. इंग्रजी तिला पाण्यासारखं येत होतं. परका पेशंट आला की सगळे तिलाच हाक मारत. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी आवाज जरा वर नेला की हुकमाची विनंती होते. बारा वर्षं ती दुखऱ्या माणसांशी तशीच बोलत आली होती. उचलू या? जमेल? अजून थोडं? आता तोच गोडवा आड येत होता.

फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. “ताई, आजींना हळू म्हणताय की कुत्रं हाकलताय?”

“दोन्ही जमत नाहीये, मावशी.”

आजी आत तिसऱ्या खाटेवर होत्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर इथली भाषा त्या पार विसरल्या. लहानपणी घरी बोलायच्या ती चिनी तेवढी उरली. उजवा हात उशीवर पडून असायचा. हातात जीव आहे, असं डॉक्टर सांगत, पण आजी प्रयत्नच करत नव्हत्या. ताईने हात धरला की खिडकीकडे बघायच्या. नातीने सांगून पाहिलं, तर डावा हात तिच्या डोक्यावरून फिरवून त्यांनी डोळे मिटून घेतले. उद्या डॉक्टर हात शेवटचा तपासणार होते. हाताने काही प्रयत्न केला, तर व्यायाम चालू राहणार. नाहीतर आजींची रवानगी अशा ठिकाणी, जिथे असे हात फक्त धुऊन पुसून ठेवतात.

म्हणून गेले नऊ दिवस ताई जेवणाच्या सुट्टीत या बाकावर बसत होती. डबा शेजारी, बहुतेक वेळा न उघडलेला.

चार वाजता तिने आजींना खाटेच्या कडेला बसवलं. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी डाव्या हाताने कठडा घट्ट धरला. उजवा हात मांडीवर ठेवला. नात पायथ्याशी उभी राहिली.

“मान्-मान्,” ताई म्हणाली. आवाज वर गेला.

आजी खिडकीकडे बघत होत्या.

“मान्-मान्.” पुन्हा वर. शेजारच्या खाटेवरची बाई खुदकन हसली. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने तिसऱ्यांदा म्हटलं. पहिला शब्द नीट पडला, दुसरा निसटला.

आजींनी तोंड वळवलं. चुकलेला पाढा कानावर पडला की शाळेतल्या बाईंचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला.

“मान्,” त्या म्हणाल्या. शब्द ओठांच्या एकाच बाजूने, जड होऊन आला. पण वरून खाली आला.

ताईने तो झेलला आणि पुन्हा वरच नेला.

आजींनी सुस्कारा सोडला. असं चुकीचं सोडून देणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. कठडा मात्र सोडता येत नव्हता. मांडीवरचा उजवा हात थरथरला.

उतरती रेघ दाखवायची, तर हात आधी वर न्यावा लागतो.

तो निघाला. आधी खांदा, मग कोपर, मनगट लोंबतंच. पोटापर्यंत आला, छातीच्या जरा खाली पोचला. तिथे क्षणभर थांबला आणि पडला.

“मान्,” आजी म्हणाल्या.

नातीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दारात मावशींचं फडकं बादलीतच राहिलं.

“मान्,” ताई म्हणाली. या वेळी बरोबर पडला, अगदी वहीतल्या रेघेसारखा. तिचं तिलाच कळलं. आजींच्या ओठांचा एक कोपरा हलला.

ताईने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने पुन्हा तोच शब्द म्हटला आणि आवाज चांगला वर नेला.

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच नातीला काहीतरी म्हणाल्या.

“ताई,” नात कुजबुजली, “आजी म्हणतेय, मुद्दाम चुकणारी मुलं तिने खूप बघितलीत.”

ताईने नजर खाली वळवली. मांडीवरून हात पुन्हा निघाला होता.